बाल्कन लोकपॉप धुना व्हायोलिनवर कशा शिकायच्या? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

या धुना नाचासाठी जन्मल्या आहेत. म्हणून ताल आधी पायात बसायला हवा, मग अलंकार बोटांत, आणि वेग सगळ्यांत शेवटी. शिकणाऱ्यांच्या बहुतेक अडचणी हा क्रम उलटा धरल्याने येतात, आणि खालची बरीचशी उत्तरं याच मुद्द्याशी जाऊन मिळतात.

बाल्कन लोकपॉप म्हणजे नेमकं कोणतं संगीत?

बल्गेरिया, सर्बिया, बोस्निया, उत्तर मॅसेडोनिया, अल्बानिया, रोमानिया, ग्रीस या आग्नेय युरोपातल्या देशांत लोकनृत्यांचे ताल आणि लोकगीतांच्या चाली घेऊन, त्यांना ड्रम, बास गिटार आणि कीबोर्डची साथ देऊन जे लोकप्रिय संगीत उभं राहिलं, ते ढोबळमानाने या नावाखाली येतं. युगोस्लाव्हियात १९६० च्या दशकापासून लोकसंगीताच्या वळणाची नवी गाणी रचली जाऊ लागली, आणि १९८० च्या दशकात लेपा ब्रेना ही गायिका त्या प्रकारातली सगळ्यांत मोठी तारका झाली. पुढे १९९० च्या दशकात सर्बियात डिस्को-टेक्नोचे ठेके मिसळून टर्बो-फोक आलं. बल्गेरियात चाल्गा किंवा पॉपफोक आलं आणि दिमित्रोवग्राद इथल्या पायनर या ध्वनिमुद्रण कंपनीने ते घरोघरी पोचवलं. रोमानियात याच जातीच्या संगीताला मानेले म्हणतात.

या गाण्यांवरून तिथे घराघरांत वाद होतात. काहींना ती सवंग वाटतात, आणि सर्बियात टर्बो-फोकशी युद्धकाळाच्या कडू आठवणीही जोडलेल्या आहेत. व्हायोलिन शिकणाऱ्याने मात्र दोन्ही थर ऐकावेत असं माझं ठाम मत आहे. पॉप गाण्यातली चार मापांची (आवर्तनांची) सुरावट कुठल्या तरी जुन्या नाचाच्या धुनेवर उभी असते, आणि ती मूळ धून ऐकली की कुठल्या सुरावर जोर द्यायचा हे आपोआप कळतं.

व्हायोलिन तिथलं मूळचं वाद्य आहे का?

गजाने वाजवायची वाद्यं तिथे व्हायोलिनच्या आधीपासून आहेत. बल्गेरियात गदुल्का, मॅसेडोनियात केमाने, सर्बिया-माँटेनेग्रोत एका तारेचं गुस्ले, क्रीट बेटावर लिरा. पश्चिमेकडून व्हायोलिन आलं आणि अनेक ठिकाणी त्याने या वाद्यांची जागा घेतली. रोमानियात तर पिढ्यान् पिढ्या लग्नसमारंभांत वाजवणाऱ्या लाउतारी वादकांचं ते मुख्य वाद्य आहे. तिथल्या बिहोर भागात लाकडी पेटीऐवजी धातूचा कर्णा लावलेलं व्हायोलिन वाजवतात. मोकळ्या अंगणात नाचणाऱ्यांच्या गलक्यातही त्याचा आवाज वर राहतो.

आजच्या लोकपॉपमध्ये बहुतेक वेळा अ‍ॅकॉर्डियन, क्लॅरिनेट, ट्रम्पेट किंवा कीबोर्ड पुढे असतो. त्यामुळे तुम्ही पुष्कळदा दुसऱ्या वाद्याची धून व्हायोलिनवर आणत असाल. त्यात कमीपणा नाही. तिथले व्हायोलिनवादकही क्लॅरिनेटकडून बरंच उचलतात.

सुरुवात करण्याआधी मला किती वाजवता यायला हवं?

पहिल्या पोझिशनमध्ये (डावा हात खुंट्यांच्या बाजूला ठेवून) चारही तारांवर सूर बऱ्यापैकी खरे लागत असतील, गज सरळ जात असेल आणि एका गजात दोन-चार सूर जोडता येत असतील, तर सुरुवात करा. तिसरी पोझिशन पुढे लागेल, पण नाचाच्या बहुतेक धुना पहिल्या पोझिशनमध्येच बसतात. व्हायोलिन नुकतंच हातात घेतलं असेल तर आधी वर्षभर साधे सूर पक्के करा. इथे पहिल्याच दिवशी तीन अर्धस्वरांचा ताण बोटांवर येतो, आणि हात तयार नसेल तर मनगट वाकायची सवय लागते. ती मोडणं फार जड जातं.

मी हिंदुस्थानी पद्धतीने, खाली बसून वाजवतो. तसंच शिकता येईल का?

धून शिकता येईल, आणि तुमचा कान या संगीतासाठी आधीच बराच तयार असेल. अडचण दोन ठिकाणी येते. पहिली जुळणीची. तुम्ही तारा सा-प-सा-प अशा लावत असाल. तिथली सगळी वाजवण्याची रीत मात्र जी, डी, ए, ई या पाश्चात्त्य जुळणीवर बेतलेली आहे. दोन तारा एकत्र छेडून मागे खर्ज धरायचा, तर त्या जुळणीत तो बोटाखाली सहज येतो. दुसरी अडचण डाव्या हाताची. व्हायोलिनचं डोकं पायावर टेकवलं की हात तारेवर लांबवर सरकायला मोकळा राहतो. गायकी अंगाला तेच हवं. बाल्कन धुनेत हात जागेवर थांबतो आणि बोटं झपाझप पडतात.

पंडित व्ही. जी. जोग किंवा पंडित डी. के. दातार यांच्या वादनावर वाढलेल्या माणसाने आपली बैठक सोडावी असं मी कधीच म्हणणार नाही. शक्य असेल तर दुसरं, साधं व्हायोलिन जी-डी-ए-ई मध्ये लावून ठेवा आणि या धुना त्याच्यावर, खांद्यावर धरून वाजवा. दोन जुळण्यांची सरमिसळ एकाच वाद्यावर रोज करू नका. तारा तुटतात आणि कानही गोंधळतो.

गोव्यात चर्चच्या शाळांतून किंवा मुंबई-पुण्यात पाश्चात्त्य परीक्षांच्या वाटेने शिकलेल्यांची अडचण उलटी असते. त्यांचा हात तयार असतो, पण सूर कागदावरून वाचायची सवय असते. त्यांनी कागद बाजूला ठेवून कानाने शिकायला लागावं.

या धुनांत सात मात्रा आहेत, म्हणजे आपला रूपक तालच ना?

मांडणी पुष्कळदा तीच असते. मॅसेडोनियातलं लेस्नोतो हे नृत्य आणि ग्रीसमधलं कालामातियानोस ३+२+२ अशा सात मात्रांचं आहे. रूपकाचे खंडही ३+२+२ असेच. रूपक टाळी देत ज्याने ऐकलं आहे त्याला लेस्नोतोत पहिल्या दिवसापासून जागा सापडते. युरोपातल्या किंवा अमेरिकेतल्या विद्यार्थ्याला जिथे महिने लागतात, तिथे तुमचं निम्मं काम झालेलं असतं.

पण इथेच एक धोका आहे. रूपकात आपण सातही मात्रा मोजतो, तबल्यावर त्या वेगळ्या ऐकू येतात, आणि पहिली मात्रा 'खाली' म्हणजे बिनजोराची असते. बाल्कन वादक आणि नर्तक सात मोजतच नाहीत. त्यांच्या अंगात तीनच ठोके असतात: एक लांब, दोन आखूड. लांब ठोक्यावर वजन पडतं. तिथे खालीची हलकी भावना आणली तर नाचणाऱ्याचं पाऊल अडखळतं.

बल्गेरियातलं रचेनित्सा २+२+३ असं आहे. रूपक दुसऱ्या खंडापासून धरल्यासारखं. ते लेस्नोतोपेक्षा खूपच वेगाने जातं, इतकं की एकेक मात्रा मोजायला सवडच नसते. 'आखूड-आखूड-लांब' एवढंच कानात ठेवावं लागतं. पायदुश्को २+३ आहे. त्याची दोन आवर्तनं जोडली की झपतालाचे खंड होतात. दायचोवो ९ मात्रांचं, २+२+२+३. कोपानित्सा ११ मात्रांचं, २+२+३+२+२. बुचिमिश तर १५ मात्रांचं, २+२+२+२+३+२+२.

बेला बार्टोक हा हंगेरियन संगीतकार या विषम मापांना 'बल्गेरियन ताल' म्हणत असे, आणि त्याने त्यांवर पियानोसाठी सहा छोटी नृत्यं लिहिली. सगळंच बाल्कन संगीत विषम मापाचं असतं असा समज मात्र करून घेऊ नका. सर्बियातलं कोलो साध्या दोनच्या मापात असतं. रोमा लोकांचं चोचेक पुष्कळदा चारच्या मापात, आत ३+३+२ असा जोर देत चालतं. लोकपॉप गाण्यांत ही सम मापंच जास्त सापडतील.

हे ताल अंगात बसवायचे कसे?

व्हायोलिन पेटीतच राहू द्या. बोल म्हणा. दोनसाठी 'तक', तीनसाठी 'तकिट'. रचेनित्सा म्हणजे 'तक तक तकिट', लेस्नोतो म्हणजे 'तकिट तक तक', कोपानित्सा म्हणजे 'तक तक तकिट तक तक'. प्रत्येक गटाच्या पहिल्या अक्षरावर टाळी द्या. बोल म्हणता म्हणता चाला; लांब गटावर गुडघा जरा वाकू द्या. बोल तोंडातून न अडता येऊ लागले की टाळी चालू ठेवून बोल मनातल्या मनात म्हणा. त्यानंतर व्हायोलिन घ्या, मोकळ्या डी तारेवर प्रत्येक गटाला एक गज. लांब गटाला गज थोडा जास्त लागतो. तो जास्तीचा गज कुठून आणायचा आणि पुढच्या दोन गटांत कसा परत मिळवायचा, हे मोकळ्या तारेवरच समजून घ्या.

दोन चुका सर्रास होतात. एक, 'तकिट'मधली तिसरी मात्रा खाऊन टाकणं, म्हणजे तीन सारखे ठोके उरतात. दुसरी, 'तकिट'ला चार मात्रा देणं, म्हणजे सरळ आठ मात्रांचा ठेका होतो. स्वतःचं वाजवणं मोबाईलवर रेकॉर्ड करा आणि त्यावर बोल म्हणून पाहा. बोल बसले नाहीत तर चूक लगेच कळेल. मेट्रोनोम मात्रा-मात्रेला लावू नका, आवर्तनाच्या पहिल्या ठोक्यालाच लावा.

यातले सूर आपल्या कुठल्या रागांसारखे आहेत?

सूरांची चौकट काही ठिकाणी हुबेहूब जुळते. बाल्कनमध्ये सगळ्यांत जास्त भेटणारी चौकट म्हणजे हिजाझ: सा, कोमल रे, शुद्ध ग, शुद्ध म, प, कोमल ध, कोमल नी. हे बसंत मुखारीचे सूर. खाली भैरव आणि वर भैरवी. वरचा नी शुद्ध केला की सरळ भैरवाचे सूर होतात, आणि तेही तिथे वापरतात. पाश्चात्त्य लोक ज्याला हार्मोनिक मायनर म्हणतात ते आपल्याकडे किरवाणी. रोमानियात आणि आसपास एक चौकट खूप ऐकू येते: सा, रे, कोमल ग, तीव्र म, प, ध, कोमल नी. कर्नाटक संगीतात ती हेमवती म्हणून ओळखली जाते. तुर्की नाव निकरिझ. आणि ग्रीस-अल्बानिया सीमेवरच्या एपिरस भागातल्या पाच सुरांच्या धुना ऐकल्यात तर धानी आठवेल.

ही ओळख पाठांतराला मदत करते, म्हणून जरूर वापरा. मात्र सूर जुळले म्हणजे राग जुळला असं होत नाही. बसंत मुखारीचा आलाप करत करत हिजाझच्या धुनेत शिरलात तर ती धून मरते. हिजाझ तुर्की मकाम पद्धतीतून (मकाम म्हणजे आपल्या रागासारखी तिथली सुरांची चौकट) आलं. शतकानुशतकांच्या ऑटोमन राजवटीत ते शहराशहरांतून गावांत पोचलं, आणि त्याला स्वतःची चाल आहे. धून पुष्कळदा म किंवा प वर रेंगाळते, मग पायऱ्या उतरत सा वर येते. साथीला असणारा वादक सा वर मेजर कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) धरतो आणि शेवटी कोमल नीवरच्या मायनर कॉर्डवरून तिथे परततो. डी हा सा धरला तर सी मायनरवरून डी मेजरवर. शेवटच्या सुराला त्या कॉर्डमुळे जी धार येते ती एकट्या तानपुऱ्यावर कळत नाही, म्हणून सराव कॉर्डच्या साथीनेही करा.

कोमल रे आणि शुद्ध ग यांच्यामधलं अंतर बोटांना गाठता येत नाही. काय करू?

हा प्रश्न जवळजवळ प्रत्येकाला पडतो. डी तार सा धरा. कोमल रे म्हणजे ई फ्लॅट, पहिलं बोट अगदी मागे, खुंट्यांच्या बाजूला. शुद्ध ग म्हणजे एफ शार्प, दुसरं बोट वर. म म्हणजे जी, तिसरं बोट दुसऱ्याला चिकटून. पहिल्या आणि दुसऱ्या बोटामध्ये तीन अर्धस्वर येतात.

बहुतेक जण पहिल्या बोटापासून मोजायला लागतात आणि दुसरं बोट पुढे ताणतात. मग ग उतरलेला लागतो. उलट करा. दुसरं आणि तिसरं बोट चिकटवून तारेवर ठेवा, ग-म पक्के करा, आणि त्या जागेवरून फक्त पहिलं बोट मागे न्या. अंगठा आणि मनगट हलू देऊ नका. बोट मुळापासून मागे झुकतं, तेवढं पुरतं.

सराव भैरवाने सुरू करा. भैरवात डी आणि ए या दोन्ही तारांवर बोटांचा आकार एकच राहतो: पहिलं मागे, दुसरं-तिसरं वर चिकटून. तो बसला की ए तारेवर फक्त दुसरं बोट एक अर्धस्वर खाली आणा. सी शार्पचा सी झाला, शुद्ध नीचा कोमल नी झाला, आणि तुम्ही हिजाझमध्ये आलात.

वरच्या सप्तकात एक खाच आहे. वरचा कोमल रे ई तारेवर मिळत नाही, कारण मोकळी तारच त्याच्यापेक्षा अर्धस्वर उंच आहे. तो ए तारेवर चौथ्या बोटाने, खाली ओढून घ्यावा लागतो. लगेच पुढचा ग ई तारेवर पहिल्या बोटाने. ही तार बदलण्याची जागा स्वतंत्रपणे, फक्त ते दोन सूर घेऊन घोटा. ती कच्ची असेल तर वेगात दर वेळी तिथेच धून तुटते. हे फारच नकोसं वाटलं तर ए तार सा धरा. सगळं हिजाझ ए आणि ई या दोन तारांवर बसतं, आणि मोकळ्या तारा सा-प म्हणून मागे घुमतात.

काही जुन्या रेकॉर्डिंगमध्ये कोमल रे जरा चढा वाटतो. तसाच लावायचा का?

तुर्की पद्धतीच्या हिजाझमध्ये कोमल रे पियानोपेक्षा थोडा चढा आणि ग थोडा उतरता लागतो, त्यामुळे दोघांतलं अंतर कमी होतं. जुन्या वादकांत आणि गायकांत ते ऐकू येतं. लोकपॉपमध्ये अ‍ॅकॉर्डियन आणि कीबोर्ड असतात आणि ते आपले सूर हलवू शकत नाहीत. त्यांच्याबरोबर वाजवताना त्यांचे सूर धरा. एकटे किंवा गायकाबरोबर असाल तर गायक जो सूर लावतो तो धरा.

मींड घ्यायची की नाही?

घ्यायची, पण मोजकी. आपल्याकडचे वादक इथे सगळ्यांत जास्त चुकतात, आणि याचं कारण त्यांची चांगली तालीमच असते. लांब, वळणदार मींड घेतली की धून लगेच हिंदुस्थानी वाटू लागते. बाल्कन नाचाच्या धुनेत घसरण लहान असते, अर्ध्या-एका सुराची, आणि ती ठोक्याच्या आधी संपलेली असते.

तिथला खरा नखरा बोटांच्या आघातात आहे. खटका आणि कण ज्याला येतात त्याला रीत चटकन कळेल. वरचा सूर क्षणभर छेडून मुख्य सुरावर परत यायचं. वेगवान कोलोमध्ये सोळांशाच्या रांगेत एकाआड एक सुरावर असा झटका येतो आणि सगळी रांग चमकू लागते. बोट उंच उचलू नका. तारेपासून जेमतेम वर, पण पडताना ताठ पडलं पाहिजे.

व्हायब्रेटो (बोट हलवून सुराला दिलेला कंप) अरुंद आणि वेगवान ठेवा, तोही लांब सुराच्या उत्तरार्धात. सूर सुरू होतो तेव्हा सरळ असतो.

एपिरसच्या विलापगीतांत मात्र लांब, उतरती घसरण हाच प्राण आहे. तिथे तुमची मींड कामी येईल. अलेक्सिस झुंबास या एपिरसच्या व्हायोलिनवादकाने १९२६ मध्ये न्यूयॉर्कमध्ये ध्वनिमुद्रित केलेला विलाप शांत बसून ऐका. गाणारा कोणी नाही, तरी माणूस आक्रंदतो आहे असंच वाटतं.

गजाचं काय वेगळं आहे?

गजाचा मधला भाग, थोडासा. पूर्ण गज क्वचितच लागतो. नाचाच्या धुनेत प्रत्येक सुराची सुरुवात स्पष्ट हवी, म्हणून सूर सुटे काढायचे आणि जिथे जोर हवा तिथे तर्जनीने क्षणभर दाब द्यायचा. मग त्यात जोडलेले सूर मिसळा. जोड ठोक्यावर सुरू करण्याऐवजी ठोक्याच्या आधीच्या सुरावर सुरू करून ठोका ओलांडू द्या. एवढ्या एका गोष्टीने धून पुढे झुकल्यासारखी ऐकू येते. मोकळ्या डी किंवा ए तारेचा खर्ज मागे घुमवायचा असेल तर गज दोन्ही तारांवर पडू द्या, पण वजन धुनेच्या तारेवर ठेवा.

वेग कधी वाढवायचा?

तुमच्या संथ वाजवण्यावर कोणी पावलं टाकू शकतं का, हे पाहा. टाकू शकत असेल तर वाढवा.

पहिली धून कोणती घेऊ?

मी 'योवानो, योवान्के' सुचवेन. हे मॅसेडोनियातलं जुनं लोकगीत आहे, लेस्नोतोच्या सात मात्रांत, हिजाझच्या सुरांत, संथ. सीमेपलीकडेही सगळे ते गातात, त्यामुळे वेगवेगळ्या गायकांची ध्वनिमुद्रणं मिळतात आणि तुलना करता येते. ते बसलं की दोनच्या मापातलं 'उझिच्को कोलो' घ्या. सर्बियातली ही बहुधा सगळ्यांत ओळखीची नाचाची धून. (कोलो नृत्याला २०१७ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान मिळालं.) त्यानंतर एखादं चोचेक आणि मग रचेनित्सा.

ग्रिगोराश दिनिकू या रोमानियन वादकाचं 'होरा स्ताकातो' लवकर घ्यायचा मोह होईल. त्याने ते १९०६ मध्ये रचलं आणि पुढे प्रख्यात व्हायोलिनवादक यशा हायफेट्झने मैफलींतून जगभर नेलं. त्यात एका गजात सुट्या सुरांच्या लांब रांगा आहेत. ते काम पुढच्या काही वर्षांचं समजा. पाश्चात्त्य परीक्षांच्या वाटेने आलेल्यांना बार्टोकच्या 'रोमानियन लोकनृत्यां'चं व्हायोलिन-पियानो रूप माहीत असेल. मूळ धुना ट्रान्सिल्व्हेनियातल्या खेड्यांतल्या वादकांकडून त्याने टिपल्या होत्या. ते वाजवत असाल तर त्यातला नाच शोधा. बहुतेक विद्यार्थी ते फारच सभ्यपणे वाजवतात.

नोटेशन कुठून मिळवू?

कागदावर मिळेल, पण कागदावर फक्त हाडं असतात. तिथले वादक कानाने शिकले, तुम्हीही तसंच शिका. व्हिडिओचा वेग निम्मा करा, आठ मापांचा तुकडा घ्या, आधी गाऊन पाहा, मग सरगमीत लिहा. मराठी माणसाला सरगमीचा फायदा असा की सा बदलला तरी लिहिलेलं बदलत नाही. बाल्कन वादक गायकाच्या सोयीने पट्टी वाटेल तशी बदलतात. पहिल्या फेरीत अलंकार वगळून फक्त मुख्य सूर लिहा. अलंकार दुसऱ्या फेरीत, खुणांनी.

गायक-गायिकेबरोबर वाजवताना काय करायचं?

गाण्याच्या ओळीवर वाजवू नका. ओळ संपते आणि पुढची सुरू होते त्या मधल्या जागेत तुमचं उत्तर येतं: चार-सहा सुरांचं, खाली उतरणारं, पुढच्या ओळीच्या पहिल्या सुरापाशी आणून सोडणारं. अशी दहा-बारा उत्तरं हिजाझमध्ये पाठ असू द्यात.

बोस्नियातली सेवदालिन्का ही गाणी यासाठी उत्तम शाळा आहे. शहरी, संथ, विरहाने भरलेली. गायक लय सैल सोडतो आणि साथीदार त्याच्या श्वासामागून जातात. हिम्झो पोलोविना हे मोस्तारचे गायक, पेशाने मनोविकारतज्ज्ञ. त्यांचं गाणं ऐकून आवाजाची प्रत्येक हालचाल व्हायोलिनवर उतरवून पाहा. गायकी अंगाने शिकलेल्यांना इथे घरी आल्यासारखं वाटेल.

कोणाकोणाला ऐकू?

सर्बियासाठी व्लास्तिमिर पाव्लोविच त्सारेवात्स (१८९५–१९६५). रेडिओ बेलग्रेडचा लोकवाद्यवृंद त्यांनी उभा केला आणि चालवला. त्यांचा सूर गोड, गज संयमी, एकही अलंकार उगाच नाही. रोमानियासाठी दिनिकू, आणि मग क्लेजानी गावचा ताराफ द हायदुक्स हा वाद्यवृंद. त्यांच्यातले निकोलाए नेआक्शू तारेला घोड्याच्या शेपटीचा केस बांधून तो बोटांनी ओढत आणि त्यातून घोगरा, खरखरीत सूर काढत. बल्गेरियन लग्नसंगीतासाठी व्हायोलिनवर गेओर्गी यानेव, आणि क्लॅरिनेटवर इवो पापाझोव. क्लॅरिनेट व्हायोलिनवर कसा आणायचा हे या दोघांना आलटून पालटून ऐकल्यावर उमगतं. आवाजासाठी स्कोप्येच्या एस्मा रेजेपोव्हा आणि सर्बियातल्या निशचे शाबान बायरामोविच. यंत्राचा स्पर्श नसलेलं जुनं संगीत हवं असेल तर बल्गेरियातल्या कोप्रिवश्तित्सा इथल्या महोत्सवाची चित्रीकरणं शोधा. तो १९६५ पासून साधारण दर पाच वर्षांनी भरतो.

रोमा लोक भारतातून गेले. मग हे संगीत मुळात आपलंच नाही का?

रोमा लोकांचे पूर्वज सुमारे हजार वर्षांपूर्वी भारतातून पश्चिमेकडे गेले, हे त्यांच्या भाषेवरून सिद्ध झालेलं आहे; रोमानी ही आपल्या भाषांच्याच कुळातली. हे नातं त्यांनाही जवळचं वाटतं. एस्मा रेजेपोव्हा १९७६ मध्ये चंदीगडच्या रोमा महोत्सवात गायल्या होत्या. पण यावरून बाल्कन धुना भारतीय ठरवणं चुकीचं आहे. त्यांत तुर्की मकाम आहे, स्लाव्ह गावांची नृत्यं आहेत, ग्रीक आणि अल्बानियन गाणी आहेत, पश्चिमी कॉर्ड आहेत, आणि हे सगळं एकत्र करून वाजवणाऱ्या रोमा वादकांची शतकांची मेहनत आहे. बाल्कनमधल्या लग्नांत त्यांनी वाजवलं आणि तिथेच त्यांना हाडहूडही सोसावी लागली. दुसऱ्या महायुद्धात त्यांच्या लाखो माणसांची हत्या झाली. या संगीताचं श्रेय त्यांचंच आहे. कार्यक्रमाच्या जाहिरातीत 'जिप्सी' लिहू नका, रोमा लिहा. आणि ज्या वादकाकडून धून घेतली त्याचं नाव मंचावर घ्या.

वेगळं व्हायोलिन, तारा किंवा पिकअप (आवाज ध्वनिवर्धकाकडे नेणारं साधन) लागतो का?

नाही. साधं पूर्ण आकाराचं व्हायोलिन चालतं. घोडी फार सपाट करून घेऊ नका, वेगात नको ती तार लागते. ड्रम-कीबोर्डबरोबर मंचावर वाजवणार असाल तरच पिकअप घ्या. कोकणात किंवा मुंबईत राहत असाल तर पावसाळ्यात खुंट्या फुगून अडकतात आणि गजाचे केस सैल पडतात; वाजवून झाल्यावर गज सैल करून ठेवा आणि पेटीत सिलिका जेलच्या पुड्या टाका.

नाचणारे कुठे शोधू?

व्हिएन्ना, बर्लिन, म्युनिक अशा शहरांत राहत असाल तर बाल्कन देशांतून आलेले खूप लोक आसपास असतील. त्यांच्या लोकनृत्यवर्गाला वाद्य न घेता जा आणि आधी पावलं शिका. भारतात असाल तर घरातल्या दोघा-तिघांना लेस्नोतोची पावलं शिकवा. हातात हात, उजवीकडे सरकायचं, लांब-आखूड-आखूड. दहा मिनिटांत जमतं. मग त्यांच्यासाठी वाजवा आणि नजर त्यांच्या पायांवर ठेवा.

मी वाजवलेली धून ऑनलाइन टाकली तर चालेल का?

पारंपरिक धून स्वतः वाजवून टाकायला हरकत नाही. मात्र लोकगीत वाटणारी पुष्कळ गाणी रचलेली आहेत आणि त्यांचे हक्क शाबूत आहेत. 'माकेदोन्स्को देवोइचे' हे गाणं लोक सर्रास परंपरागत समजतात, पण ते योन्चे ह्रिस्तोव्स्की यांचं आहे. टाकण्याआधी धुनेचा रचनाकार शोधा. आणि कुणा वादकाचे अलंकार जसेच्या तसे घेतले असतील तर खाली त्याचं नाव आणि त्याच्या मूळ ध्वनिमुद्रणाचा उल्लेख करा.